घर मोकळं करताना

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. मीही अशा भुताखेतांच्या पेजवरच्या गोष्टी वाचून हसायचे. खाली कमेंटमध्ये "औषध वेळेवर घ्या" असं लिहायचे.

मी स्नेहल. संगमनेरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. समोर येईल तो नमुना तपासायचा आणि दिसेल तेवढंच लिहायचं, ही माझी बारा वर्षांची सवय. इथंही मी तेवढंच लिहिणार आहे. वाडीचं नाव मात्र देणार नाही, कारण तिथं अजून आमची शेती आहे.

तारीख १७ नोव्हेंबर २०२४, रविवार.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

ठिकाण, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमचं पावसाळी घर.

पावसाळी म्हणजे काय, ते सांगते. माझे सासरे कारभारी आणि सासूबाई गोजरबाई दरवर्षी ज्येष्ठात तिकडे वर जायचे. भाताची आवणी म्हणजे लावणी, मग सोंगणी म्हणजे कापणी, मग झोडणी. भात घरात आलं की कार्तिकात घर बंद करून खाली आमच्याकडे यायचे. पुढचे सात महिने घराला कुलूप. उन्हाळ्यात तिथं प्यायला पाणी नसतं आणि दवाखाना तर कधीच नसतो.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाईंना आत्या म्हणायचे.

म्हणायचे, कारण त्याच वर्षी श्रावणात आत्या त्या घरातच वारल्या. सकाळी भाकरी थापता थापता चुलीपाशी कलंडल्या. रस्त्यावर दरड आली होती. गाडी वर पोचेपर्यंत दुपार झाली आणि तोवर सगळं संपलं होतं.

मामा भातासाठी मागे राहिले. शेजारच्या रंगुबाई त्यांना भाकरी द्यायच्या. सप्टेंबरात मामांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना तिकडे एकटं ठेवलं तर पुढच्या झटक्याला तुम्ही पोचणार नाही. जसे आईला पोचला नाहीत, हे ते बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याला, सुनीलला, ते न बोलताच ऐकू गेलं.

भात घरात येईपर्यंत मामा हलले नाहीत, पण त्या रविवारी काहीही झालं तरी त्यांना खाली आणायचंच होतं.

घर बंद करायचं काम तसं दिवसभराचं. हंडे-कळश्या पालथ्या घालायच्या. तांदळाच्या कणगीत कडुनिंबाचा पाला टाकून तोंड सारवून घ्यायचं. गोधड्या उंदरांच्या हाताला लागू नयेत म्हणून आढ्याला टांगायच्या. खिडक्यांना पोती. चुलीतली राख काढून चूल सारवायची. देव पिवळ्या फडक्यात बांधून सोबत घ्यायचे. लाईटचा मेन स्विच बंद.

आणि सगळ्यात शेवटी घर मोकळं करायचं.

ही आमच्या सासरची रीत. दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही. सगळ्यांनी घरात थांबायचं. घरातली मोठी बाई एकटी बाहेर येऊन पायरीखाली उभी राहते आणि एकेकाला हाक मारते. ज्याला हाक आली त्याने "आलो" म्हणायचं आणि बाहेर यायचं. परत आत जायचं नाही. त्या मोसमात जो जो त्या घरात झोपलाय त्याला हाक मारायचीच. सगळे आले की तीनदा विचारायचं, "अजून कोन हाय का घरात?"

उत्तर आलं नाही की कडी.

"मान्सं येत्यात गं," आत्या म्हणायच्या, "पन मन मागं ऱ्हातं. त्याला बी हाक मारावी लागती."

मला याची गंमत वाटायची. आदल्या वर्षी, २०२३ ला, मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. आत्यांनी आधी माझी मुलगी राजनंदिनीला हाक मारली. "नंदे, ये गं भायेर." मग सुनीलला. मामांचं नाव त्या घेत नसत, म्हणून त्यांच्यासाठी शेवटी नुसतंच, "अवो, चला भायेर. उशीर व्हतुय." मी आधीच बाहेर उभी राहून शूटिंग करतेय म्हणून मला हाक मारायच्या आधी मला पुन्हा आत पाठवलं, ते वेगळंच. व्हिडिओ स्टेटसला टाकून मी खाली हसरे चेहरे टाकले होते.

तर त्या रविवारी...

आवरून झालं. सुनील आणि नंदिनी गाडीत जाऊन बसले. रीत पाळायची कुणाचीच इच्छा नव्हती.

मामा मात्र चुलीपाशी बसलेले. उठेनात.

"मी न्हाई येत."

"मामा, ऊन उतरायला लागलंय. घाट आहे पुढं."

"तुमी जा. ती आत हाय अजून."

मी त्यांच्यासमोर बसले. समजावलं. गोळ्या दाखवल्या, डॉक्टरांचं सांगितलं. ते चुलीकडे बघत राहिले. मग सुनील आला. आधी हळू बोलला, मग ओरडला, मग रडला आणि परत गाडीत जाऊन बसला. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

साडेतीन वाजले.

आणि मला ती अक्कल सुचली.

मी बाहेर आले. पायरीखाली उभी राहिले. मोबाईल काढला. तो व्हिडिओ शोधला, शेवटच्या हाकेपर्यंत पुढे नेला, आवाज पूर्ण वाढवला आणि हात दाराच्या दिशेने लांब केला.

"अवो, चला भायेर. उशीर व्हतुय."

आत एकदम शांत झालं...

मग मामांचा आवाज आला. तीन महिन्यांत ऐकला नव्हता असा, मोकळा.

"आलो."

ते बाहेर आले. डोक्याला टोपी नीट केली. माझ्या हातातल्या मोबाईलकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ गाडीत जाऊन बसले.

मला इतकं हायसं वाटलं की मी धावतच कडी लावली, कुलूप घातलं. तीनदा विचारायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

घाट उतरताना मामांनी विचारलं, "ती मागनं येती ना?"

सुनीलने गिअर बदलला.

"तिला हाक कोनी मारली?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचे पंधरा दिवस बरे गेले. मामा जेवायचे, टीव्ही बघायचे, नंदिनीचा अभ्यास घ्यायचे. फक्त फ्लॅटचं दार आतून लावू द्यायचे नाहीत. "असू दे. येईल ती." आम्ही वयाचा परिणाम म्हणून सोडून दिलं.

डिसेंबरात रंगुबाईंचा फोन आला.

"पोरी, घरात कोनाला ठिवलंय का?"

"नाही हो. का?"

"मंग आतनं हाका कोन मारतंय?"

मी हसले. रंगुबाई हसल्या नाहीत. चार दिवस झाले, म्हणाल्या. दुपारी कलत्या उन्हाला. कुलूप जागेवर. खिडक्यांची पोती जागेवर. आणि आतून एक बाई नावं घेते. आधी नंदिनीचं, मग सुनीलचं, मग माझं.

मग जरा वेळ काहीच नाही...

मग शेवटची हाक.

"तुज्या सासूचा गळा मी चाळीस वर्सं ऐकलाय," रंगुबाई म्हणाल्या. "पन ती आसं कदी म्हनत नव्हती."

"कसं?"

"अवो, चला घरात."

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा तो व्हिडिओ परत लावून बघितला. व्हिडिओ होता तसाच होता. त्यात "भायेर"च होतं.

आता मी काय विचार केला, तेही सांगते. रंगुबाई एकट्या असतात. त्यांनाही आत्यांची आठवण येत असणार. कानात भास होतात, त्याची शास्त्रीय कारणं आहेत. लॅबमध्ये मैत्रिणीला मी ही कारणं नीट समजावून सांगितली आणि तिलाही ती पटली.

पण त्याच आठवड्यात मामा दुपारचे उठून जायला लागले.

रोज. साडेतीनच्या सुमाराला. टीव्ही चालू असताना मध्येच मान वर करायचे, चप्पल घालायचे आणि जिना उतरायला लागायचे. तळमजल्यावरच्या शोभाकाकूंनी दोनदा परत आणून सोडलं. तिसऱ्यांदा ते बसस्टँडवर सापडले, वाडीच्या वाटेवरच्या राजूरच्या गाडीत खिडकीपाशी बसलेले. चौथ्यांदा राजूरहून कुणीतरी फोन केला. तिथं उतरून ते चालत निघाले होते. वाटेत दम लागून बसले. ओठ निळे पडले होते.

चार दिवस आयसीयूत काढले. डॉक्टर म्हणाले, परत असं झालं तर सांगता येत नाही.

सुनीलने दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. मला ते बघवत नव्हतं, पण मी अडवलंही नाही.

जानेवारीतला एक शनिवार. मला सुट्टी होती. सुनील नेहमीसारखा बाहेरून कुलूप लावून गेला होता. मामा हॉलमध्ये बसले होते. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. मोबाईल वाजला. रंगुबाई.

"पोरी, मी अंगनातच हाय, आंब्याखाली. हितं जरा रेंज येती. तुला खोटं वाटतंय ना? ऐक मंग."

त्यांनी फोन बहुतेक घराकडे धरला असावा. वारा ऐकू येत होता. एक कोंबडी. लांबून कुठूनतरी कुत्रं.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून एकतीस मिनिटं.

मग...

"नंदे..."

फार बारीक. भिंतीच्या पलीकडून यावा तसा.

"सुनील..."

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"स्नेहल..."

मी तोंडावर हात दाबून धरला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. हाकेला "आले" म्हणायची सवय माझ्याही तोंडात बसली होती.

वारा. नुसता वारा...

"अवो, चला घरात."

आणि माझ्या मागे, हॉलमध्ये, मामा म्हणाले,

"आलो."

मी वळले. ते उभे होते. चप्पल पायात होती. फोन माझ्या कानाला लावलेला होता, स्पीकर बंद होता. हॉलमध्ये काहीही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मामा दाराशी गेले, बाहेरून कुलूप असल्याचं त्यांना कळलं, आणि ते दारावर हाताने हळूहळू थापा मारत राहिले.

"उशीर व्हतुय," ते मला म्हणाले. "उगड ना, बाय."

त्या संध्याकाळी मी सुनीलला सगळं सांगितलं. व्हिडिओचंही. त्याला तोवर माहीतच नव्हतं, बाप कसा उठला ते. तेव्हा तो गाडीत काचा लावून, तोंड झाकून बसला होता.

त्याने माझा मोबाईल उचलून पालथा ठेवला. मग म्हणाला, "आईच्या आवाजात फसवलंस तू त्यांना."

"हो."

"आणि आईला आतच ठेवून कुलूप लावलंस."

याला मी हो म्हणू शकले नाही. पण तेच खरं होतं. त्या मोसमात घरात झोपलेल्या प्रत्येकाला हाक मारायची होती. आत्या श्रावणापर्यंत त्याच घरात झोपत होत्या. त्यांना सोडून सगळे निघून गेलो. त्यांचा आवाजही मीच खिशात घालून आणला. मला त्यांची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

"भगताला विचारू," सुनील म्हणाला.

"नको. मी बोलावते त्यांना."

दुसऱ्या दिवशी रविवार. मामांना आणि नंदिनीला शोभाकाकूंकडे बसवलं. कुठे जातोय ते सांगितलं नाही. अकोल्यात चहा घेतला, तो दोघांनाही संपवता आला नाही.

वर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. रंगुबाई अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. त्यांच्या आठ-दहा कोंबड्या आमच्या दारापुढे दाणे टिपत होत्या.

मी कुलूप काढलं. दाराच्या दोन्ही फळ्या आत ढकलल्या. अंधाराला सारवणाचा वास येत होता. डोळे सरावायच्या आत मी मागे फिरले आणि पायरीखाली येऊन उभी राहिले.

मोबाईल गाडीतच ठेवला होता. मुद्दाम.

मी दाराकडे तोंड केलं.

"आत्या..."

आत काही हललं नाही.

"आत्या, चला बाहेर. चुकलं माझं. मामा वाट बघतायत."

आतून एक हंडा फरशीवर सरकल्याचा आवाज आला...

पालथा हंडा उचलून सरळ ठेवताना येतो, तो आवाज. घरातलं पाणी भरणारी कुठलीही बाई तो ओळखेल. नंतर परत शांतता. मी दाराकडे बघत होते. दारात कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. कुणीही नव्हतं.

पण कोंबड्या बाजूला झाल्या.

पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माणूस मधून जाताना होतात तशा दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. आधी पायरीजवळच्या. मग माझ्या शेजारच्या. मग तुळशीजवळच्या. मग गाडीजवळच्या. आणि परत दाणे टिपायला लागल्या.

मी तीनदा विचारलं, "अजून कोन हाय का घरात?" तिन्ही वेळा माझाच आवाज मला ऐकू आला. कडी लावली. कुलूप घातलं.

सुनील गाडीपाशी उभा होता. भगताची गोष्ट सोडली तर तो यातलं काहीच मानत नव्हता, निदान तसं म्हणायचा. त्याने मागचं दार उघडलं. जरा वेळ धरून ठेवलं. मग हळूच लावलं, म्हातारं माणूस आत बसल्यावर लावतात तसं. माझ्याकडे न बघता तो स्टेअरिंगवर बसला. घाट संपेपर्यंत आरसा त्याने वर फिरवून ठेवला होता.

संगमनेरला पोचलो तेव्हा मामा परत आमच्या घरी येऊन बसले होते. खाली शोभाकाकू म्हणाल्या, चार वाजल्यापासून घरी जायची घाई करत होते.

बेल वाजवायच्या आत मामांनी दार उघडलं. आमच्याकडे बघितलं. मग आमच्या मागे बघितलं.

आणि बाजूला सरकले.

सुनील आत गेला. मी आत गेले. मामा तरी तसेच भिंतीला चिकटून उभे राहिले, एका माणसाला जागा करून. मग त्यांनी दार लावलं. कडी घातली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

त्या रात्री त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

रंगुबाईंनी पुढे महिनाभर कान दिला. हाक नाही. साडेतीनला मामा झोपलेले असतात. वजन वाढलं, तपासण्या सुधारल्या. त्या तपासण्या मीच केल्यात, म्हणून मला माहीत आहे. मामा वाचले. जे हवं होतं ते मिळालं. मग मी हे का लिहितेय?

कारण मागच्या आठवड्यात बेलापूरला, माझ्या माहेरी, चुलत भावाचं लग्न होतं. तीन दिवस जायचं होतं. बॅगा भरल्या. गॅस बंद केला, फ्रीज रिकामा केला. सगळे जिन्यात उभे. मी कुलूप हातात घेऊन दारात थांबले.

तीन दिवस घर बंद राहणार होतं. आत्यांना हाक मारली तर त्या आमच्यासोबत लग्नाला येणार. नाही मारली तर...

नंदिनी खालून ओरडत होती. सुनील माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला समजलं होतं.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मला लॅबचं काम निघालंय."

सख्ख्यासारख्या भावाच्या लग्नाला मी गेले नाही. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला काय सांगू?

हळदीच्या दिवशी दुपारी मी घरात एकटी होते. हे 'एकटी' खोडावंसं वाटलं होतं. ते तसंच राहू देते, कारण दिसेल तेवढंच लिहायचं मी कबूल केलंय. दिसत तर कुणीच नव्हतं.

दीडच्या सुमाराला मी एका ताटात वरण-भात वाढून घेतला. पहिला घास घेणार तोच बेलापूरहून मामांचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"जेवली का, बाय?"

"बसतेच आहे, मामा. तुम्ही जेवलात?"

"व्हय, पंगत झाली." ते जरा थांबले. मग आवाज खाली आणून, घरातल्या साध्या गोष्टीची आठवण करून द्यावी तसं म्हणाले, "तिला वाढलं का?"

मी उठले आणि मांडणीवरून दुसरं ताट घेतलं.